मागून दिलेला पांढरा

लाइट गेलीय तर जाऊ दे, बसा पोरांनो. कासारवाडीचा सदाशिव पेंटर माझा दोस्त. त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. अर्धं पाप माझंही आहे, म्हणून सहसा बोलत नाही.

चौऱ्याहत्तर साल. आमच्या कंपनीत मशिनी बसवायला एक जपानी साहेब आला होता. चिंचवडच्या बंगल्यात त्याच्या वारलेल्या बायकोचं चित्र टांगलेलं. रेशमावर, तिच्या वडिलांनी काढलेलं. पावसाळ्यात चित्राच्या पाठीचा कागद सुटला. साहेबाला दौऱ्यावर जायचं होतं, म्हणून मी सदाशिवला नेलं. साहेब म्हणाला, "फक्त कडा चिकटव. पाठीला पाणी लावू नको."

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. यानं सगळा कागद सोलला. रेशमाला मागून पांढरं काहीतरी दिसलं. "बुरशी हाय रं ही," म्हणाला, आणि ओल्या फडक्यानं पुसून काढलं. उलटून बघतो तर बाईचा चेहराच काळवंडलेला! ते लोक मागूनही रंग देतात. शिंपल्यांची पूड सरसात कालवून. मागचा पांढरा रेशमातून पुढं उजळतो. बोर्ड रंगवणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? यानं कागद गुपचूप परत चिकटवला.

साहेब परत आल्यावर सदाशिव त्याला म्हणाला, "यशोदाबाई खिडकी उघडी ठिवायची, ओल धरली."

यशोदाबाई तिथली स्वयंपाकीण. विधवा, पदरात दोन पोरं. कंपनीनं तिला त्याच दिवशी काढलं. मला खरं ठाऊक होतं, मी शेजारीच उभा होतो. गप्प बसलो. अजून लाज वाटते.

मार्गशीर्षातली अमावास्या. रात्री अडीच वाजता सदाशिवला जाग आली. घरात एकटा, बायको राजगुरुनगरला माहेरी. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मानेला गार लागलं. ओलं फडकं... खालून वर. हळूच. परत. कुणीतरी पुसत होतं.

"कोण हाय?"

मागं रेशीम सळसळलं. फडकं पिळल्याचा आवाज. टप. टप. परत मानेवर...

"मी पुसलं!" सदाशिव ओरडला. "त्या बाईचा दोष न्हाई!"

सगळं थांबलं.

पहाटे त्यानं माझं दार वाजवलं. दोघं जाऊन साहेबाला खरं सांगितलं. साहेब रागावला नाही, ते जास्त लागलं. यशोदाबाई कामावर परत आली. माझ्याशी मात्र मरेपर्यंत बोलली नाही.

तिथून सदाशिवच्या घरी आलो. भिंतीवर त्याचा लग्नातला फोटो होता, काचेच्या फ्रेमीत. बायको होती तशी. शेजारी कोट, वर टोपी... मध्ये चेहरा नाही. नुसता कोरा कागद.

मी फोटो उतरवला. मागचा पुठ्ठा सोडवला.

फोटोची पाठ ओली होती.