चौथा दोर

निरोप आनंदाचा होता, म्हणून रिक्षा न करता मी चालतच बंदरावर निघाले. भाचीला सकाळी मुलगी झाली होती. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कामावर होते आणि तिथे कामाच्या वेळी फोन कुलपात ठेवावे लागतात. "त्यांना घेऊनच ये," ताई म्हणाली. "आणि तिथे कुणाशी भांडू नकोस."

दुसरं माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं. समुद्रात ज्या पवनचक्क्या उभ्या राहतात, त्यांची पाती याच धक्क्यावरून जहाजावर चढतात. एकेक पातं अख्ख्या गल्लीएवढं लांब. क्रेनने उचललं की ते वाऱ्यावर फिरायला बघतं, म्हणून जाड बुडाला दोन दोर, निमुळत्या टोकाला दोन, आणि प्रत्येक दोराला खाली एक माणूस. टोकाचे दोघे एकमेकांसमोर उभे राहतात. पातं एकाच्या अंगावर जाऊ लागलं, तर समोरच्याने ते ओढून धरायचं. स्वतःचा जीव स्वतःच्या हातात नसतोच, तो समोरच्याच्या हातात असतो. दाजींच्या समोर तात्या असायचे. ते गेल्या वर्षी तापाने गेले आणि कंपनीने त्यांच्या जागी माणूसच घेतला नाही. मी पेपरात लेखावर लेख लिहिले, साहेबांच्या दारात ठाण मांडलं. उत्तर एकच: "काम अडलंय का कुठे?" असलं निगरगट्ट उत्तर मी मंत्र्यांकडूनही ऐकलेलं नाही.

दुपारीच धुकं उतरलं होतं. धक्क्यावरचे दिवे लावलेले होते, पण प्रत्येक दिवा जेमतेम स्वतःपुरता. ओल्या लोखंडाचा, डिझेलचा, खाऱ्या चिखलाचा वास येत होता. मी केबिनच्या दाराशी पोचले तेव्हा शेवटचं पातं क्रेनला लटकत होतं आणि वारा त्याच्या पोकळ बुडात शिरून घुमत होता. जणू कुणीतरी तोंड मिटून गाणं गुणगुणतंय.

मुकादम वॉकीटॉकी घेऊन दारातच उभा होता.

"दाजींना बोलवा," मी म्हटलं. "आजोबा झालेत ते."

त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! पण आता नाही, बाई. दोर हातात असताना माणसाला हाक मारायची नाही. पातं जहाजावर टेकू दे, मग मिरवणूकच काढू त्यांची."

"आणि त्यांच्या समोरचा दोर कुणी धरलाय?"

तो जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "तात्यांनी."

"तात्या गेले."

"गेले... पण रजा कुठे मंजूर झाली त्यांची?" तो गालात हसला. "तो दोर आम्ही नुसता सोडून ठेवतो. पातं उचललं की आपसूक ताणला जातो. पहिल्यांदा आमचीही गाळण उडाली होती. आता 'तात्या, सांभाळून' म्हणतो आणि कामाला लागतो."

माझ्या अंगावर काटा आला, पण त्याआधी संताप आला. "म्हणजे मेलेल्या माणसाला फुकट राबवताय? ना सुट्टी, ना विमा?"

"छापा की," तो म्हणाला. "संपादकांचं तोंड बघायला मी येतो."

तेवढ्यात वारा फिरला. धुक्याचा पडदा फाटला आणि पात्याचं टोक खाली येत सरळ दाजींकडे झेपावलं. त्यांच्या मागे कंटेनरची भिंत होती. सरकायला जागाच नव्हती. वर क्रेनवाली ओरडली, "टोक धरा... टोक..." माझ्या तोंडातली बातमी तोंडातच राहिली. हा माणूस आपल्या नातीला न बघताच जाणार, एवढंच मनात आलं.

मग चिखलातला तो दोर उठला. सळकन ताणला गेला, त्यातून पाणी निथळलं, आणि टोक दाजींच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबलं. हळूहळू मागे गेलं. पुन्हा धुकं दाटलं. त्या धुक्यात कुणीतरी जोर लावताना माणसं हुंकारतात तसं हुंकारत होतं... आणि मधूनच खुदकन हसत होतं.

पातं जहाजावर टेकलं. वॉकीटॉकी खरखरली. जहाजावरून आवाज आला, "मुकादम, तुमचा एक माणूस इकडे आलाय. म्हातारा. नुसता हसतोय. परत जाणार नाही म्हणतो, चक्की फिरताना बघायचीय. काय करू?"

मुकादमाचे डोळे भरून आले. "जाऊ दे त्यांना," तो म्हणाला. "मंजूर."

"आणि म्हणतो, काळजी नको... त्याच्या जागी माणूस लावून आलोय."

धुकं विरळ झालं. मुकादम केबिनच्या दारात होता. दाजी समोर होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दारात नव्हतेच. मधलं सगळं चिखलाचं अंगण ओलांडून मी त्यांच्या समोर उभी होते, आणि दोर माझ्या हातात होता.

"दाजी," माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मुलगी झाली."

ते तिथेच चिखलात बसले आणि लहान मुलासारखे हसत सुटले. त्या संध्याकाळी आम्ही इस्पितळात इतका गोंधळ घातला की नर्सने दोनदा हाकललं.

ताईने बाळ माझ्या हातात दिलं आणि दचकून म्हणाली, "अगं, तुझे हात..."

आयुष्यभर लेखणीपलीकडे काही उचललं नाही मी. या, इकडे दिव्याजवळ या. हे घट्टे बघा. एका दुपारीत पडणारे नाहीत हे, हो ना? आणि उद्या धक्क्याला जहाज लागणार असलं, की आदल्या रात्री ते ओले होतात.