कुरणातली पिलं

"आम्ही पाहुणे म्हणून आलोय. पाहुण्यांसारखंच वागवा."

धाकट्या भावाने हे वाक्य उंबऱ्यावरूनच टाकलं, आणि ताईच्या हातातली धुतलेली चादर तशीच राहिली... ताईच्या शेतावरची पाहुण्यांची खोली त्याच्या बायकोने आपल्या माहेरच्या नावाने घेतली होती. तीन तासांच्या त्या कच्च्या रस्त्यावर शेवटच्या वळणापर्यंत तिने नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नव्हता. बारा वर्षं तो इथे राहायला आला नव्हता! वडील गेले तेव्हाही हा दोन घटका उभा राहून परत फिरला होता. ताई एवढंच म्हणाली, "उजवीकडची खोली. गरम पाणी सातपर्यंत असतं."

ताईचं शेत म्हणजे एकटीने मांडलेला खटाटोप होता. चाळीस गाई, पाऊणशे मेंढ्या, पाणपक्ष्यांसाठी राखलेलं कुरण आणि ते बघायला येणाऱ्यांसाठी तीन खोल्या. गाई चरल्या की गवत बेतात राहायचं, गवत बेतात राहिलं की पक्षी उतरायचे, पक्षी उतरले की माणसं यायची. सगळ्यांची मर्जी सांभाळता सांभाळता आपलीही काही मर्जी होती, हे बिचारी विसरूनच गेली होती!

दुपारी ती दोघांना कुरण दाखवायला निघाली. सवयीने बोलत सुटली, "उरलेलं गवत आम्ही मधून सुरुवात करून कडेकडे कापत येतो. कडेने आत कापत गेलं, तर पिलं मधल्या गवतात दडतात, आणि मग..."

भाऊ मान फिरवून गोठ्याकडे चालू लागला होता.

"ताई," वहिनी हळूच म्हणाली, "गवत कापायच्या यंत्राचा आवाज आला की हे अजून खिडक्या लावून घेतात. गुरांचे डॉक्टर झाले, तेही इथे गवत कापताना मेलेल्या त्या पिलांपायीच. म्हणतात, अकरा जीव घेतले माझ्या हातांनी, त्याची भरपाई मरेपर्यंत व्हायची नाही."

ताईला वाटलं होतं, पोरगं महिनाभर रडेल आणि विसरेल! ती तशीच धावत गोठ्यात गेली. पाहुणेपण विसरून भाऊ एका लंगड्या गाईचा खूर मांडीवर घेऊन बसला होता.

"पिलं मेली नव्हती रे!"

त्याने वर पाहिलं.

"एकही नाही. तू कडेने कापत गेलास खरा, पण ती त्याआधीच चर ओलांडून पलीकडे गेली होती. मी डोळ्यांनी पाहिली... बाबा अंथरुणावर, आणि तू कॉलेज सोडून इथेच राहतो म्हणून हट्ट धरलेला! प्रेमाने सांगून ऐकत नव्हतास. म्हणून म्हटलं, सगळी मारलीस, पुन्हा या शेतात पाय ठेवू नकोस!"

"बारा वर्षं, ताई!" तो ओरडला, गाय बिचकली, आणि त्याही अवस्थेत त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "एक पत्र टाकायचं होतंस!"

"लिहिली ना. टाकली नाहीत. खरं कळलं असतं तर धावत आला असतास... आणि नंतर तर तोंड दाखवायची लाज वाटायला लागली."

"आणि तुझं ठरलेलं लग्न? ते मास्तर?"

"त्यांनी दोन वर्षं वाट पाहिली. चांगला माणूस होता." ताईने पदराने डोळे पुसले. "शिव्या दे मला. पण तोंडाने दे, पाठ फिरवून नको रे..."

गाईचा खूर अलगद खाली ठेवत तो ओल्या आवाजात म्हणाला, "माफ केलं असं लगेच नाही म्हणता येणार मला. पण या शेताबाहेर शेवटची रात्र कधी काढलीस?"

ताईला आठवेना.

"उद्या तुझ्या वहिनीबरोबर आमच्या घरी जा. आठ दिवस. मी आहे इथे."

"वेडा झालास? चाळीस गाई आहेत!"

"मग मी शिकलो कशासाठी? गाणी म्हणायला?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खरंच गाडीत बसली! खिडकीतून ती सूचनांवर सूचना देत होती: काळीला आधी पाणी, मेंढ्यांचं फाटक दोनदा बघ, पाहुण्यांना कुरणात एकटं सोडू नकोस... "जा गं बाई आता!" तो हसत, रडत ओरडला. गाडी हलली. मांडीवरच्या रिकाम्या हातांचं काय करायचं, हे ताईला कळेना. शेजारून वहिनीने तिचा एक हात आपल्या हातात घेतला, आणि ताई लहान मुलीसारखी हमसून हमसून रडू लागली.