अर्धं बोट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. महाडला माझी सोनोग्राफीची खोली आहे. भर दुपारीही तिथे काळोख, कारण उजेडात पडद्यावरचं चित्र नीट दिसत नाही. पोटावर लावायच्या जेलचा गार वास आणि एसीची घरघर, एवढीच सोबत.

त्या दुपारी कापडे गावचा मंगेश आला. भातलावणीसाठी मुंबईहून गावी आलेला तिशीतला गडी. पोट धरून वाकलेला, तरी तोंड चालूच. सोबत आई, तुळसाबाई.

"बेंबी सरकली हाय त्याची," ती म्हणाली. "तुमच्या फोटोत काय दिसलं नाय, तर घरी नेऊन चोळून बसवनार."

मी धसकलेच. मला अपेंडिक्सचा संशय होता. सुजलेलं अपेंडिक्स असं चोळलं तर फुटायचं, आणि माणूस हातचा जायचा. ते मला दिसायलाच हवं होतं.

त्याला दोन्ही हात डोक्याखाली घ्यायला सांगून मी मशीनचा प्रोब पोटावर हळूहळू दाबत फिरवला. उजवीकडे खाली, नेहमीच्या जागी, नुसती आतडी आणि वायू.

"गुदगुल्या होतात वो म्याडम!"

"हसू नका. सगळ्यात जास्त दुखतं तिथे एक बोट ठेवा."

पडद्याच्या उजेडात एक बोट आलं. टोक तुटलेलं, अर्धंच. ते पार उजव्या कुशीकडे, कमरेच्या वर टेकलं आणि जेलमध्ये रुतलं. मी प्रोब तिथे नेला... आणि दिसलं! आतड्यामागे दडलेली अपेंडिक्सची सुजलेली नळी, दाबली तरी चपटी होईना. आनंदाने मी टाळीच वाजवणार होते.

"शाब्बास मंगेश! बरोबर दाखवलंत."

"मी? माजे हात तर डोक्याखालीच हायत..."

मी दिवा लावला. त्याने हात पुढे करून दाखवले. बोटं सगळी धड होती. जेलमध्ये मात्र खळगा तसाच होता.

"मग ते अर्धं बोट..."

दाराशी उभ्या तुळसाबाईने पदर तोंडाला लावला. "अर्धं?... माज्या हैबतीचं गो बाय, थोरल्याचं. भातगिरणीत तुटलेलं. त्याची पन बेंबी सरकली म्हणून मीच चोळली... गेला तो." मग तिने डोळे पुसले. "करा आपरेशन."

मंगेश वाचला. पुढे काकड्यांची पिशवी घेऊन भेटायलाही आला. मला फुकटचा मदतनीस मिळाला, असं मी खुशीत सगळ्यांना सांगत सुटले.

काल दुपारी त्याच खोलीत एकटीच डबा खात बसले होते. ठणठणीत होते, कुठे काही दुखत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या उजव्या कुशीत, कमरेच्या जरा वर, एक बोट टेकलं. थंडगार... आणि आखूड.