रिकामा वर्ग

आमच्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून नाव न घालताही डॉक्टरेट मिळते. प्रबंध द्यायचा आणि परीक्षकांपुढे उभं राहायचं. ही सोय कुणी काढली देव जाणे. हायस्कुलातले मास्तर तिच्या नादानं म्हातारे होतात. उत्तरेत, आकिताकडच्या खेड्यातले इसोगाई मास्तर त्यांतलेच. वय एकसष्ट, प्रबंधावर एकोणीस वर्षं. परीक्षक म्हणून माझ्याकडे तो देताना सोबत धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याचा डबाही आणला होता. मी तो न उघडताच ऑफिसात देऊन टाकला.

विषय फलनांचा. फलन म्हणजे वर्तुळातला प्रत्येक बिंदू उचलून नव्या जागी ठेवणारा नियम. मास्तरांनी फलनांचा एक नवाच वर्ग काढला होता आणि त्यावर एक्केचाळीस प्रमेयं रचली होती. तिसऱ्याच पानावर मला दिसलं, की वर्गाच्या दोन अटी एकमेकींचा गळा धरतात. दोन्ही पाळणारं एकही फलन असू शकत नाही. ज्या घरात कुणीच राहत नाही, तिथले सगळे सुरेल गातात म्हटलं तर खोटं कोण पाडणार? हा बाबा एकोणीस वर्षं त्या घरातलं गाणं ऐकत बसला होता.

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं : रिकामा.

एक फोन केला असता तर त्यांनी प्रबंध गुपचूप मागे घेतला असता. मी केला नाही. हसं व्हायचं तर चारचौघांत व्हावं.

दुसऱ्या दिवशी तो शब्द कागदाच्या कडेकडे सरकला होता, अक्षरं निम्मी. मी चष्मा बदलायचं ठरवलं. आठवड्यानं तो टाचणीच्या डोक्याएवढा उरला. कडेला मात्र टेकला नव्हता.

परीक्षा फेब्रुवारीतल्या एका दुपारी होती. बाहेर बर्फ. दाराबाहेरच्या कपाटात बूट ठेवून आम्ही सपाता घातल्या.

"काय मास्तर, पोरांना सुट्टी दिलीत आज?"

"आज त्यांचीही परीक्षा आहे, सर."

दुसऱ्या परीक्षक शिरातोबाई कानाशी पुटपुटल्या, "कुबोदेरा सर, जरा सांभाळून घ्या. दोनदा खडू पडला त्यांच्या हातून."

"खडू जड असेल."

मास्तर शेवटच्या प्रमेयावर आले. या वर्गातलं फलन लावलं, की बिंदू कडेकडे निघतो. पण दर पाऊल आधीच्या निम्मं. कड कधीच येत नाही.

"वा! आता यातलं एक फलन दाखवा. एकच."

मास्तरांनी फळा पुसला.

"फलन आहे, सर. बिंदू मिळत नव्हता." त्यांनी फळ्यावर हातानंच वर्तुळ काढलं. अगदी कंपासनं काढल्यासारखं. "तुम्हीच ठेवा ना."

मी हसलो. खडू घेतला आणि मधोमध ठिपका ठोकला.

"हा घ्या. हा मी. चालवा मला."

मास्तर कमरेत वाकले. "उपकार झाले, सर."

बस्स झाला हा पोरखेळ. मी दाराकडे निघालो. दार बारा पावलांवर होतं.

सहा पावलांचं अंतर सहज गेलं.

मग तीन पावलांचं.

मग दीड.

सपातांचा आवाज बारीक होत गेला.

"कुबोदेरा सर?" शिरातोबाईंनी दाराबाहेर डोकावून कपाट पाहिलं. "गेले वाटतं. पण बूट इथेच आहेत की!"

त्या फळ्याजवळ गेल्या. ठिपका आता मधोमध नव्हता. नाक लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"सरकतोय," त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उदाहरण आहे."

त्यांनी प्रबंधावर शिक्का मारला.

दाराच्या मुठीवरचा ओरखडादेखील मला स्पष्ट दिसतो. दार उघडलं की दिसतं, माझे बूट कुणीतरी पुसून, टोकं बाहेर करून ठेवले आहेत.

दर फेब्रुवारीत डॉक्टर इसोगाई येतात, बुटांशेजारी लोणच्याचा डबा ठेवतात आणि वाकून जातात. त्याचा धुरकट वास इथवर येतो.

दर वर्षी निम्मा.