चंदनगडचं सिंहासन पळालं!

“सिंहासन गेलं!” प्रणव ओरडतच समाजाच्या हॉलमध्ये घुसला.

“गेलं म्हणजे? चालत गेलं?” मेधाने विचारलं.

“मला काय माहीत, भिया! स्टेजवर नाहीये!” माळव्यात सगळेच ‘भिया’, म्हणजे भाऊ; मेधासुद्धा.

धारच्या मराठी समाजात संध्याकाळी सहाला मुलांचं नाटक होतं, आणि ते तिने स्वतः रचलं होतं: चंदनगडचा सहा वर्षांचा दत्तक राजा आणि त्याची गादी बळकावणारा काका. राजा झाली होती तिची धाकटी बहीण चिऊ, काका झाला होता प्रणव. सिंहासनच नाही तर गादीचं भांडण कशावर करायचं? आणि नाटक रद्द झालं तर त्या वेळात यशवंतराव आजोबांचं ‘आमचे पूर्वज’ हे भाषण! मागच्या वर्षी ते दोन तास चाललं. तिघांना हलवून जागं करावं लागलं होतं!

“काल आपण सोनेरी रंग दिला, तो अजून ओला आहे,” मेधा म्हणाली. “चोराला लागलाच असणार. सोनेरी माणूस शोधा!”

सोनेरी माणूस दारातच सापडला. समाजाचे सेक्रेटरी उमाशंकर काका घाईघाईने स्कूटर पुसत होते. स्कूटरची सीट सोनेरी, काकांची पँट मागून सोनेरी!

“काका, कुठे बसला होतात?” चिऊने विचारलं.

“कुठेच नाही! जा, खेळा!” म्हणत काका भिंतीला पाठ लावून सरकत सरकत पसार झाले.

“केस खतम!” प्रणव म्हणाला.

तेवढ्यात यशवंतराव आजोबा आले. त्यांचा उजवा कान सोनेरी!

“आजोबा, कानाला काय झालं?”

“हळद लावलीय. सर्दी आहे.”

“कानाला?”

“माझी सर्दी, माझा कान!” आजोबा तरातरा निघून गेले.

“सिंहासन एक आणि चोर दोन?” प्रणव चक्रावला.

“अरे, सिंहासन सुटं होतं ना! बैठक वेगळी, पाठ वेगळी,” मेधा म्हणाली. “बैठकीवर काकांनी बसून बघितलं असणार. पाठ आजोबांनी खांद्यावरून नेली, म्हणून कान रंगला!”

“पण कशाला?”

“दोघंही मूळचे देवासचे. तिथे पूर्वी एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. काकांचे पणजोबा थोरल्या पातीत कारकून, आजोबांचे धाकट्या पातीत. म्हणून आपल्याकडे कायम पाहुणे दोन, हार दोन, नारळ दोन. सिंहासन मात्र एकच! दुसरा बसू नये म्हणून दोघांनी अर्धं अर्धं पळवलं!”

“हात्तिच्या!”

मेधाने चिऊच्या कानात काहीतरी सांगितलं. चिऊ आधी काकांकडे धावली, मग आजोबांकडे. दोघांना एकच निरोप: “सिंहासन आणून देणाऱ्याचा आज स्टेजवर सत्कार आहे!”

बरोबर पावणेसहाला डाव्या दाराने डोक्यावर बैठक घेऊन काका आले. उजव्या दाराने खांद्यावर पाठ घेऊन आजोबा आले. मध्यभागी धडक!

“चोर!” काका ओरडले.

“तूच चोर! मी तर जपून ठेवली होती!”

“मीसुद्धा!”

“दोघांनी जपलंत, दोघांचा सत्कार!” मेधा म्हणाली. “आधी जोडा बघू.”

खट्ट! सिंहासन उभं राहिलं. दोघेही बसायला वळले, तर त्यावर मुकुट घालून चिऊ!

“महाराज बसलेत,” ती म्हणाली. “तुम्ही सतरंजीवर!”

नाटक रंगलं. प्रणवने मिशीला पीळ दिला, “ही गादी माझी!” म्हणत चिऊचा हात धरला, आणि पहिल्या रांगेतून काका आणि आजोबा एकदम उठले.

“ए, सोड! लेकराची गादी आहे ती!”

“लाज नाही वाटत?”

प्रणव इतका दचकला की मिशी टाकून विंगेत पळाला! लढाई व्हायच्या आधीच राजा जिंकला. हॉल हसून हसून लोळला.

“मेधा, आम्हाला बरोब्बर पकडलंस गं!” आजोबा म्हणाले. “पण नाटक फर्स्ट क्लास!”

“फर्स्ट क्लास मी आधी म्हणणार होतो,” काका म्हणाले आणि जोरात टाळ्या वाजवू लागले. आजोबांनी त्याहून जोरात सुरू केल्या. कोणीच थांबेना! पाच मिनिटं झाली, सात झाली, दोघांचे तळवे लालबुंद.

शेवटी सिंहासनावरून चिऊने हात वर केला.

“पुरे! महाराजांना भूक लागलीय.”