नांदोशी खाडीतली बोय

सागरी अनुकूलन प्रयोगशाळेच्या सातव्या टाकीत सकाळी अकरा मासे पोट वर करून तरंगत होते. डॉ. मंदाकिनी शेट्ये यांनी पाणी तपासलं. ते अगदी स्वच्छ होतं.

"तेच तर!" त्यांचे सहकारी डॉ. इक्बाल मुकादम म्हणाले. "सांडपाण्याच्या टाकीत एकही मेला नाही."

धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्याचं तांबं मिसळलेलं सांडपाणी येऊ लागलं, तशी नांदोशी खाडीतली बोय ही मासळी नाहीशी झाली होती. त्यावर मंदाकिनीबाईंनी 'शीघ्र अनुकूलना'चं तंत्र शोधलं. बोयीची पिढी तीन वर्षांऐवजी दोन महिन्यांत वाढवायची, दर पिढीच्या पाण्यात तांबं थोडं वाढवायचं आणि जे मासे जगतील त्यांचीच पैदास करायची. चाळिसाव्या पिढीतली पिल्लं त्यांनी खाडीत सोडली. ती वाढली, त्यांना पिल्लं झाली. तपासणीत त्यांचं मांस निर्धोक निघालं आणि कोळीवाड्यातल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या.

इक्बालनी एका मेलेल्या माशाचं विच्छेदन केलं. "यांच्यातलं धातुबंधक प्रथिन तांबं पकडून बाहेर टाकतं. आपण ते वीसपट वाढवलं. पण जगायला चिमूटभर तांबं लागतंच. स्वच्छ पाण्यात हे प्रथिन तेवढंही टाकून देतं आणि हृदय थांबतं."

"ते आवरणारी यंत्रणा?"

"चाळीस पिढ्यांत तिची गरजच पडली नाही. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे जातात, तशी ती गेली."

कारखाना सोमवारी बंद होणार होता. तसा हुकूम कोळीवाड्यातल्या द्रौपदीबाई तांडेल यांनी चौदा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवला होता.

त्याच दुपारी मंदाकिनीबाई कोळीवाड्यात गेल्या. द्रौपदीबाई जाळं विणता विणता ऐकत होत्या.

"मग शेजारच्या खाडीतली जुनी बोय आणू," त्या म्हणाल्या.

"मावशी, बोय चिखल चाळून खाते. चिखलात साचलेलं तांबं जुन्या बोयीला मारायला पुरेसं आहे आणि नव्या बोयीला जगवायला अपुरं."

"चिखल कधी निवळेल?"

"वीस वर्षं तरी लागतील."

द्रौपदीबाईंचा हात थांबला. "हे आधी तुमच्या ध्यानात नाही आलं, बाई?"

"नाही. विषात मासे जगतात का, एवढंच मी पाहिलं. विष गेल्यावर काय होईल, ते पाहिलंच नाही."

कारखाना बंद झाला. तिसऱ्या आठवड्यात मेलेली बोय किनाऱ्याला लागू लागली. कोळीवाड्याची बैठक दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी द्रौपदीबाई प्रयोगशाळेत आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तांबं किती लागेल, ते सांगा."

मंदाकिनीबाईंना क्षणभर कळेना. मग त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, आपण टाकत राहिलो तर चिखल कधीच निवळणार नाही."

"ठाऊक आहे. साठ घरं आहेत, बाई. वीस वर्षं काय खायचं त्यांनी?"

इक्बालनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मंदाकिनीबाईंनी कागद पुढे ओढला आणि हिशेब मांडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी भरती लागताच खाडीच्या तोंडाशी होडी थांबली. होडीत मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराची, पोती होती. पहिलं पोतं उचलायला दोघं पुढे झाले, पण द्रौपदीबाईंनी त्यांना बाजूला सारलं. दात आवळून त्यांनी ते एकटीनं काठावर ओढलं आणि उलटं केलं. पाणी निळं होत आत पसरत गेलं.

दुसऱ्या पोत्याचं एक टोक मंदाकिनीबाईंनी धरलं.