वकिलाने मध्ये बोलू नये

"मिस्टर ग्राब्का, तुमच्या वकीलबाईंना सांगा, माझं घर आज अकरा वाजता लिलावात निघतंय!"

वांडा पिएत्राक आत आली ती थेट खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि हे वाक्य तिने पाठीमागे भिरकावलं. म्हातारे स्टॅनली ग्राब्का फीपोटी आणलेलं सॉसेजचं पुडकं मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते, ते दचकले. आणि ज्या वकीलबाईंना निरोप द्यायचा होता ती रेजिना, वांडाची सख्खी धाकटी बहीण, हाताच्या अंतरावर टेबलामागे बसली होती! तिचा कॉफीचा कप ओठांपाशीच थबकला. सहा वर्षांनी... सहा वर्षांनी वांडाचा पाय या घराला लागला होता, आणि तोही पाठमोरा!

"रेजिना, या म्हणतायत की—" ग्राब्कांनी प्रामाणिकपणे सुरुवात केली.

"ऐकलं मी," रेजिना म्हणाली.

बफेलो शहराच्या पूर्वेकडच्या या पोलिश वस्तीत रेजिनाची वकिली घराच्या पुढच्या खोलीत चालायची. कारकून नाही, भागीदार नाही. लोकांचे दिवाळखोरीचे अर्ज भरायचे आणि बँक घर ओढून न्यायला आली की आडवं पडायचं, एवढाच व्यवसाय. तिचे अशील चर्चमध्ये तिच्यापासून चार बाकं लांब बसत, कारण तिच्याशेजारी बसलं की सगळ्यांना कळे, आता यांचंही घर गेलं! आणि याच व्यवसायाने तिची बहीण तिच्यापासून तोडली होती. वांडाचा नवरा काझ उधारीवर सोफे आणि पलंग विकायचा. कारखाना बंद पडला, अर्धी वस्ती रेजिनाच्या दारात आली, कोर्टाने त्यांची देणी पुसून टाकली आणि त्यांत काझचे हप्तेही वाहून गेले. सोफे मात्र गिऱ्हाइकांकडेच राहिले. ग्राब्का रोज संध्याकाळी त्यांतल्याच एकावर आडवे होत. काझच्या मयताच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, वांडा कडाडली होती, "माझं दुकान गिळलंस तू! मेलीस तू मला!"

रेजिनाने तेव्हा तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. वडिलांच्या घरातला आपला अर्धा हिस्सा तिनेच कधीकाळी वांडाच्या नावे करून दिला होता, काझचं दुकान उभं राहावं म्हणून... तेही ती बोलली नव्हती. त्या त्यागापायी तिचं ठरलेलं लग्नसुद्धा मोडलं. होणाऱ्या नवऱ्याला, एका दंतवैद्याला, अर्ध्या घरासकट रेजिना हवी होती, नुसती रेजिना त्याला जरा महागच वाटली. वांडा मात्र वस्तीभर सांगत राहिली की बाबांनी सगळं घर आपल्यालाच दिलं. ते ऐकून रेजिनाचं अंतःकरण विदीर्ण होई, आणि मग ती आणखी कुणाचा तरी अर्ज भरायला घेई.

आता त्याच घरावर पुढे काढलेलं कर्ज थकलं होतं. अकराच्या आत दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात पोचला तर लिलाव जागच्या जागी थांबणार होता. पण त्याआधी कायद्याने एक विधी सांगितला आहे. कर्जबाजारी माणसाने फोनवर एक तास समुपदेशकाचा वर्ग करायचा, घरखर्चाचा हिशेब स्वतःच्या तोंडाने सांगायचा आणि प्रमाणपत्र मिळवायचं. ते नसेल तर अर्ज केराच्या टोपलीत.

"मिस्टर ग्राब्का, त्यांना सांगा, खर्च कसा करावा हे मला कुणी शिकवायचं कारण नाही!"

"मिस्टर ग्राब्का, यांना सांगा, मग घर विसरा," रेजिना म्हणाली आणि तिने फोन लावून त्याचा आवाज मोठा केला.

पलीकडून अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, मधाळ, मुळीच घाई नसलेला आवाज आला. "मी मिस लोरेटा. वकीलबाई तिथे असतील तर त्यांनी मध्ये बोलू नये, तसा नियम आहे. उत्तरं मॅडमनीच द्यायची. तर मॅडम, महिन्याला जेवणखाणावर किती जातात?"

"काहीच नाही. मी चिमणीसारखी खाते."

ग्राब्कांना ठसका लागला.

"मग चिमणीचा महिन्याचा खर्च सांगा, मॅडम."

वांडाने धुसफुसत आकडा सांगितला.

"केस, प्रसाधन?"

"दर शुक्रवारी केस बसवून घेते. तो खर्च नाही, अब्रू आहे!"

"अब्रूला किती लागतात?"

रेजिनाने ओठ घट्ट दाबून धरले. हसू येत होतं आणि त्याच वेळी डोळेही भरून येत होते, कारण या शुक्रवारच्या केसांसकट, या ताठ मानेसकट ही बाई तिला हवी होती. पण घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं.

"राहतं घर केवढ्याला घेतलंत?"

"घेतलं नाही. वडिलांचं."

"म्हणजे सगळं वारसाने आलं?"

"अर्धं."

"आणि उरलेलं अर्धं?"

आता ती काय सांगणार हे रेजिनाला पाठ होतं. वांडाला अवघडल्यासारखं होऊ नये, नेहमीचं खोटं मोकळेपणाने बोलता यावं, म्हणून ती माउली उठली आणि स्वयंपाकघरातला नळ सोडायला निघाली!

"थांब तिथे!"

वांडा वळली होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती समोरून दिसत होती... किती वाळली होती! पण बोलली ती फोनशीच.

"उरलेलं अर्धं माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. तिने मला देऊन टाकलं, एक सेंटही न घेता. आणि मी जगाला सांगितलं, बाबांनी दिलं. तिचे उपकार मानले असते, तर दुकान बुडाल्यावर शिव्या कुणाला घातल्या असत्या? स्वतःला? दुकान काझच्या भोळसटपणाने आणि माझ्या मिजाशीने बुडालं, मिस लोरेटा! तिने काही केलेलं नाही... काही म्हणजे काहीच नाही!"

"मॅडम, याला माझ्याकडे रकाना नाही," मिस लोरेटा हळूच म्हणाल्या. "माझे प्रश्न संपले. पण तास पुरा झाल्याशिवाय यंत्र प्रमाणपत्र देत नाही. काहीतरी बोलत राहा. बहीण तिथेच आहे का? कुणीतरी नाक शिंकरतंय."

"ते मिस्टर ग्राब्का."

"मीपण आहे," रेजिना हुंदक्यातून म्हणाली. "पण मला बोलायची परवानगी नाही."

"वकिलाने बोलू नये, एवढाच नियम आहे. बहिणीबद्दल नियमात काही नाही."

मग रेजिनाचा बांधच फुटला!

"नाताळच्या आदल्या रात्री अनोळखी पाहुण्यासाठी रिकामं ताट मांडतेस ना तू? आणि मी दोन गल्ल्या पलीकडे एकटी सूप पीत बसते! अनोळख्याला ताट, आणि मला नाही?"

"ते ताट तुझंच होतं, गाढवे! आलीस का तू?"

"बोलावलंस का?"

"अनोळखी पाहुण्याला कधी कुणी बोलावतं का?"

रेजिना नुसती पुढे झाली. वांडाने तिला छातीशी धरलं, आणि दोघी अशा काही रडल्या की मिस लोरेटांनी दोनदा विचारलं, फोन चालू आहे ना?

प्रमाणपत्र आलं. रेजिनाने डोळे पुसत अर्ज कोर्टाला धाडला, क्रमांक आला, आणि तिने लिलाववाल्याला फोन करून ओरडून तो क्रमांक ऐकवला. बोली लावायला जमलेले लोक चरफडत घरी गेले. थकलेले हप्ते आता पाच वर्षांत थोडे थोडे फेडायचे होते. घर वाचलं.

"उरलेले कागद भरू या," रेजिना म्हणाली. "तू ज्यांचं ज्यांचं देणं लागतेस त्यांची नावं सांग. एकही गाळायचं नाही."

वांडाने बँक सांगितली, दवाखाना सांगितला, केस बसवणारी सांगितली.

"आणखी कुणी?"

"तू."

"वेडी आहेस का? ते बक्षीस होतं. कायद्याने तू माझं काही लागत नाहीस."

"कायद्याने नसेन."

"बरं, समज मी लिहिलं. यादीतल्या देण्यांचं शेवटी काय होतं, ठाऊक आहे ना? पाच वर्षांनी जे उरेल ते कोर्ट पुसून टाकतं."

वांडाने झटकन तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"मग नको लिहूस," ती म्हणाली. "तेवढं एक मला राहू दे."